एका पंगतीचा इतिहास

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीतल्या खाण्यापिण्यावर आणि सहलींवर काहीतरी लिहा’ असं सांगितलं. कोजागिरीचं दूध, गणपतीतला महाप्रसाद, मुलांचे कॅरम-बॅडमिंटनचे सामने, भाट्याच्या किनाऱ्यावरची सहल, हे सगळं आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याला इतिहास असेल असं वाटतच नाही. पण घरच्या सगळ्यांनी मिळून नवा पदार्थ चाखणं, शेजाऱ्याच्या हातचा चहा पिणं, ही साधी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात फार भांडून मिळालेली आहे. आणि त्या भांडणाचा मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात आणि आपल्याच रस्त्यावर घडला.

सुरुवात चहापासून करू. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा प्यायला, कोणी कप नुसता हातात घेतला. पण मिशनऱ्यांकडे चहापान केलं म्हणून हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य चाललं, आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपाची ही किंमत! गंमत म्हणजे याच टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी १९२८ साली, वडिलांच्याच गायकवाड वाड्यात, सगळ्या जातींचं सहभोजन घडवून आणलं. बापलेकांच्या मधे फक्त अडतीस वर्षं.

चहा तरी चैनीची वस्तू. पाण्याचं काय? आपल्या तिठ्यावरून मुंबईकडे निघालं की याच महामार्गावर महाड लागतं. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह ओंजळीने घेतलं. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही होता. तरी पाणी प्यायलेल्या माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. मुंबईला जाताना पुढच्या वेळी महाडला गाडी थांबवली तर मुलांना ते तळं जरूर दाखवा.

आता रत्नागिरीत येऊ. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी होती, म्हणून त्यांनी सामाजिक काम हाती घेतलं. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व हिंदूंना खुलं. सहभोजनंही झाली, बायकांचंसुद्धा. ज्या काळात बायकांचं सोवळं घराचं घर सांभाळत होतं, त्या काळात हे फार धाडसाचं होतं. १९३३ साली तर अखिल हिंदू उपाहारगृहच निघालं. तिथे कोणी शेजारी बसलं तरी चालेल, ही अटच होती म्हणा ना. आज आपण ज्याला ‘फॅमिलीबरोबर हॉटेलात जाणं’ म्हणतो, त्याची पहिली पायरी आपल्या शहरात अशी चढली गेली. अर्थात त्या दारात सगळेच मावत नव्हते. ‘अखिल हिंदू’ म्हणताना आपले मुसलमान शेजारी बाहेरच राहिले. आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्पष्ट लिहिलं की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही. तेही खरंच ठरलं. पंगत संपली की माणसं आपापल्या आळीत परतत.

माझ्या लहानपणीसुद्धा गावोगावच्या टपऱ्यांवर काही जणांसाठी कपबशी वेगळी ठेवलेली असे, आणि ती पिणाऱ्यानेच विसळायची. माझी आजी पावाला शिवत नसे. ‘पाव खाल्ला की माणूस बाटतो’ ही समजूत कोकणात घट्ट होती. चाकरमानी मुंबईहून ट्रंकेत खारी-बिस्किटं आणत, तीही आधी आम्हा पोरांना अंगणात मिळायची, स्वयंपाकघरात नाही. मग एसटी आली, महामार्ग आला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. रस्त्याने जे केलं ते भाषणांनी झालं नसतं. हातखंब्याचा तिठा म्हणजे मुंबई, गोवा आणि रत्नागिरी यांची गाठ. पालीवरून आंबा घाट चढलं की कोल्हापूर. एसटी थांबली की भुकेला माणूस वडापाव कोणी तळला हे विचारत बसत नाही.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी जी कुटुंबं आली, ती याच चारी दिशांनी आली. म्हणून आपल्या कोजागिरीला कोल्हापूरकडच्यांचा तांबडा रस्सा आणि किनाऱ्यावरच्यांची सोलकढी शेजारी शेजारी असते, ईदेला शीरखुर्म्याचे डबे जिन्यातून वरखाली फिरतात, आणि मुलं कोणाच्याही घरी ताट घेऊन बसतात. आईबापांना काळजी एवढीच, की पोरगं परत घरी येऊन जेवेल की नाही!

तरी एक विचारावंसं वाटतं. ताट एकत्र झालं, पण भाडेकरू ठेवताना, सोयरीक जुळवताना आपण आडनाव विचारतोच ना? बाबासाहेबांचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे. पुढची पंचवीस वर्षं त्यासाठी आहेत, असं मी समजतो.

समितीला एक सूचना करतो. यंदाची सहल थिबा राजवाडा आणि भाट्यापुरती न ठेवता वाटेत पतितपावन मंदिरातही थांबू. मुलांना हा इतिहास तिथे सांगू, आणि मग डबे उघडून, सगळ्यांचे एकत्र करून जेवू.