बनगावच्या रस्त्यावर

जून १९७१. तुम्ही जेसोर रोडवर उभे आहात, पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळ. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि समोरून माणसं येतच आहेत. एकानं म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलंय. मागच्या बाईच्या कडेवर पोर, डोक्यावर पातेलं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्करानं पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्यात कत्तल सुरू केली, तेव्हापासून हा लोंढा वाहतोय.

दिल्लीनं सरहद्द बंद केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही नाही, तिजोरीत पैसा नाही. तरीही सरहद्द बंद नाही. पण परिस्थिती निवळली की या लोकांनी घरी परतायचं, हेही सरकारनं पहिल्यापासून बजावलंय. मला हा निर्णय मोठा वाटतो तो या दोन्ही गोष्टी एकदम पेलल्या म्हणून.

पेलणारे मात्र इथे आहेत. बनगावच्या रुग्णालयात चला. दोन खोल्या, जमिनीवर कॉलऱ्याचे रोगी, पाय ठेवायला जागा नाही. सलाईन संपत आलंय. डॉ. दिलीप महालनबीस रोग्यांजवळ घाणीतच गुडघे टेकून बसलेत. त्यांनी पिंपात पाणी भरून घेतलंय. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तोटीखाली मग धरा, भरा, त्या पोराच्या ओठांना लावा. ओकलं तरी पुन्हा पाजा. इथे नातेवाईकच परिचारक झालेत. शंभरातले तीस दगावायचे, तिथे आता चारसुद्धा नाहीत.

पंधरा लाख वस्तीच्या त्रिपुरात जवळजवळ तेवढेच शरणार्थी येतील. त्या राज्याचं नाव आपण फार क्वचित घेतो. वर्षअखेर देशभरातला आकडा ९९ लाखांच्या घरात जाईल.

आता नोव्हेंबरात या, महाराष्ट्रातल्या कुठल्याही टपाल कचेरीत. १५ तारखेपासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागतंय. नाशिकच्या छापखान्यानं कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच शरणार्थी मदतीचा शिक्का मारून दिलाय. रांगेतल्या शेतकऱ्यानं बनगाव पाहिलेलं नाही. तो पैसे मोजतो, तिकीट चिकटवतो.

१६ डिसेंबरला ढाका मुक्त होईल आणि मार्च उजाडेपर्यंत बहुतेक माणसं ट्रकांतून, आगगाड्यांतून आपापल्या गावी गेलेली असतील. खर्च फिटलेला नसेल. ते पाच पैसे लोक ३१ मार्च १९७३ पर्यंत भरत राहतील.