बाईचा अंगठा आणि सातबारा

बचत गटाचा इतिहास सांगायला उभा राहिलेला साहेब १९९२ पासून सुरू करतो. नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तिथून. जरा जास्त शिकलेला असला तर बांगलादेशात जाऊन येतो. जोबरा गाव, १९७६, प्रोफेसर युनूस, २००६ चं नोबेल. मग टाळ्या. म्हणजे बाईला पैशातलं काही कळत नव्हतं, ते बँकेनं कळवलं. दोस्तांनो, हा इतिहास बँकेचा आहे, बाईचा नव्हे. बाईचा इतिहास बघायचा तर नंदुरबारला जावं लागतं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या आधीचा हा पश्चिम खानदेश. २०११ च्या शिरगणतीत शंभरातले एकोणसत्तर आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणा. १८१८ ला खानदेशात इंग्रज आला, रोखीचा सारा आला आणि साऱ्याच्या मागोमाग सावकार आला. अंगठ्याला कोर्टात किंमत आली. पुणे-नगरकडं १८७५ साली कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, सरकारला १८७९ ला कायदा करावा लागला, जोतीरावांनी १८८३ ला असूड ओढला. सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन मात्र भिल्लांच्या हातातून सरकतच राहिली. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला.

सालदारी म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना सांगितलं पाहिजे. आखाजीला साल ठरायचं. उचल आधी घ्यायची, मग वर्षभर राबून फेडायची. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की मालकाकडून खावटी आणायची, ती सवाईनं नाहीतर दिढीनं परत करायची. एक मण नेलं, दीड मण द्या. पुढची आखाजी येईस्तोवर बाकी उरलेलीच. मग पुन्हा साल.

आता या उचलीचं एक मोठं कारण बघा. लग्न. इथं हुंडा नाही, देज आहे. पोराच्या घरानं पोरीच्या बापाला द्यायचं. आपले पांढरपेशे सुधारक देज बघून खूश होतात, आदिवासींत बाईला केवढा मान म्हणून. मान आहे, थोडा आहे. पण देज द्यायला पोरगा मालकाकडं साल बांधून घ्यायचा आणि लग्न होऊन आलेली बाई त्याच कर्जाच्या फेडीला मालकाच्या गोठ्यात शेण काढायची. सालदार एक, राबणारे हात चार. तिच्यापायी निघालेलं पहिलं कर्ज ते. तिनं मागितलं नव्हतं, तिच्या हातात पडलं नव्हतं, फेडायला मात्र ती होती. आजच्या मायक्रो फायनान्सचा हिशोब मी इथून धरतो.

१९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीचं प्रकरण घडलं आणि शहादा तालुका पेटला. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्लांतलाच माणूस पुढं होता. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, गेलेल्या जमिनी परत घ्यायची हाक दिली गेली. त्याच साली श्रमिक संघटना निघाली. वर दुष्काळ. १९७३ साली बायकांचं शिबिर झालं आणि तिथून उठलेल्या बायका थेट दारूच्या गुत्त्यांवर गेल्या. मडकी फोडली. गावोगाव फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभं करून जाब विचारला. अंबरसिंग १९७४ ला गेले, बायका मागं हटल्या नाहीत.

हा बायकांचा पहिला गट. ना वही, ना पासबुक, ना अध्यक्ष-सचिव. तरीपण पैशाचाच प्रश्न त्यांनी धरला होता. दारूची उधारी म्हणजे मजुरीला पडलेलं भोक. ते भोक बुजवायला त्या निघाल्या होत्या. जमलेल्या बायका एकच विचारत होत्या : आमच्या घामाचं जातं कुठं?

त्याच सुमाराला मुंबईत, १९७५ साली, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी प्रेमा पुरवांबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराला सोडून बँकेचं दार वाजवलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटावर पठाण उभा असायचा हे आम्ही ऐकून आहोत. पण कामगाराची उधारी सांभाळून स्वतः व्याजात बुडालेली खानावळवाली कामगारांच्या इतिहासात फारशी येत नाही. जोबऱ्याच्या आधी हे आपल्याकडं झालं होतं.

मग कायदे आले. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा, १९७५ चा कर्जमुक्तीचा, १९७६ चा वेठबिगारी बंदीचा. १९७२ ला निघालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत पुढं सरकारी खावटी सुरू झाली. नाव बघा, सावकाराचंच उचललं. २४ फेब्रुवारी १९७५ ला महिला आर्थिक विकास महामंडळ निघालं, म्हणजे माविम. २००७ ला तेजस्विनी, २०११ ला उमेद. गावोगाव बचत गट. डोंगराळ भागात पाच बायकांचाही चालतो.

पण एवढ्या सगळ्यात बाईला एकटीला कर्ज का मिळत नाही? तारण नाही म्हणून. तारण का नाही? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून. इथं बाबासाहेब आठवतात. हिंदू कोड बिल अडवलं गेलं, १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून १९५६ चा वारसा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की केंद्र सरकारनं वेगळं जाहीर केल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. युक्तिवाद असा की आदिवासींच्या रूढीला हात लावू नये. तो अगदीच पोकळ नाही. आदिवासी हिंदू नाहीत हे आपणही म्हणतो. पण त्या दारातून मुलगा आत गेला आणि लेक बाहेर राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पहिल्यांदा पट्ट्यावर नवराबायको दोघांचं नाव घालायला लावलं. ती जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. चांगलंच आहे. म्हणूनच बँकेला ती नको.

तेव्हा 'विनातारण कर्ज' ही थाप आहे. तारण आहे. शेजारीण तारण आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर सगळ्यांचं पुढचं कर्ज बंद. बाईची अब्रू आणि बायकांची एकमेकींवरची माया, एवढंच गहाण ठेवायला होतं, ते ठेवलं.

मी बचत गटाच्या विरोधात नाही. बायकांनी आपले पैसे आपल्यात फिरवले तर व्याज त्यांच्यातच राहतं. उमेदच्या गटाला बँक तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी देते. खाजगी फायनान्स कंपन्या सर्रास वीस टक्क्यांच्या वर लावतात. २०१० ला आंध्रात त्यांच्या वसुलीनं बायकांचे जीव गेले, वटहुकूम काढावा लागला. तरी २०२२ साली रिझर्व बँकेनं व्याजाची कमाल मर्यादा काढून टाकली. घराच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त हप्ते असू नयेत, असा नियम ठेवला. दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडं जाणाऱ्या जोडप्याची मिळकत उसाच्या टनावर ठरते आणि ती मुकादमाच्या उचलीत आधीच बुडालेली असते. तिचं निम्मं कोण मोजणार? फटफटीवर आलेला वसुलीवाला पोरगा? तोही कुठल्यातरी वस्तीतलाच, टार्गेटखाली पिचलेला.

शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. एका बाईला. पंतप्रधान आले होते. ज्या तालुक्यात बायकांनी गुत्ते फोडले त्याच तालुक्यात बाईचा अंगठा पहिल्यांदा मशीनवर उमटला. आता तोच अंगठा कर्जाला चालतो, रेशनला चालतो. सातबाऱ्याला चालत नाही. १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा दिला. वारसा कायद्यातलं ते दुसरं कलम मात्र जागच्या जागी आहे.

आपली मंडळी वस्तीत पाहणीचे फॉर्म भरून घेतात. आपल्याही आयाबाया मंगळवारी-बुधवारी हप्त्याच्या मीटिंगला मांडी घालून बसतात. फॉर्मात कर्ज किती, हप्ता किती, हे रकाने असतातच. आणखी तीन घाला. कर्ज कुणी वापरलं. घर, जमीन, वनपट्टा, कशावर बाईचं नाव आहे का. आणि मीटिंगमध्ये हप्त्याशिवाय दुसरं काय बोलणं झालं.