किण्वन : व्याख्या व वर्गीकरण यांचा इतिहास

सजीव कोशिका ऑक्सिजनासारखा बाहेरील इलेक्ट्रॉन-ग्राहक न वापरता कार्बनी पदार्थांचे अपघटन करून ऊर्जा मिळवितात, त्या प्रक्रियेस किण्वन म्हणतात. शर्करेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होणे आणि दुधातील शर्करेपासून लॅक्टिक अम्ल बनून दही लागणे, ही तिची परिचित उदाहरणे होत. ही व्याख्या विसाव्या शतकातील आहे. तत्पूर्वी किण्वन कशास म्हणावे हा वाद जीवनक्रिया व रासायनिक विक्रिया यांमधील सीमारेषा कोठे आखावी या प्रश्नाशी निगडित होता. त्यामुळे या व्याख्येचा इतिहास हा पुष्कळ अंशी जीवरसायनशास्त्राच्या उदयाचा इतिहास आहे.

प्राचीन कल्पना : ‘किण्व’ हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रात मद्य तयार करण्यासाठी लागणाऱ्या विरजणासारख्या पदार्थासाठी आला आहे. किण्वादी पदार्थांपासून जशी मादकता उद्भवते, तसे महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उद्भवते, असा दृष्टान्त चार्वाकमतात दिला जाई. यूरोपीय भाषांतील किण्वनवाचक शब्द ‘उकळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून तो केवळ फसफसण्याचे वर्णन करतो.

यीस्ट सजीव की निर्जीव : आंत्वान लव्हॉयझर यांनी १७८९ मध्ये शर्करा व तिच्यापासून मिळणारे पदार्थ यांच्या वजनांचा ताळेबंद मांडून किण्वनास रसायनशास्त्रात स्थान दिले. १८३७ च्या सुमारास शार्ल कान्यार द ला तूर, टेओडोर श्वान व फ्रीड्रिख क्यूट्सिंग यांनी स्वतंत्रपणे यीस्ट हा वाढणारा सजीव असल्याचे दाखविले. रसायनशास्त्रज्ञांना हे मत जीवशक्तिवादाकडे परत नेणारे वाटले. यन्स याकॉप बर्झीलियस यांनी किण्वनाची गणना उत्प्रेरणात केली, तर युस्टुस फोन लीबिक यांनी कुजणाऱ्या पदार्थातील रेणूंची हालचाल शर्करेत संक्रमित होऊन तिचे विघटन होते असे मत मांडले. शर्करा खाऊन अल्कोहॉल उत्सर्जित करणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे वर्णन करणारा एक निनावी उपहासलेखही १८३९ मध्ये लीबिक यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ल्वी पाश्चर यांनी १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनी या वादास निराळे वळण लागले. शर्करा, अमोनियम लवण व यीस्टची राख एवढ्याच पदार्थांच्या विद्रावात यीस्टची वाढ व किण्वन ही दोन्ही होतात, असे त्यांनी सिद्ध केले. कुजणारे प्रथिन त्यात नसल्याने लीबिक यांच्या उपपत्तीचा आधारच गेला. लॅक्टिक, अल्कोहॉलिक व ब्युटिरिक किण्वने निरनिराळ्या सूक्ष्मजीवांमुळे होतात, असे त्यांनी दाखविले. त्यामुळे वर्गीकरणात केवळ उत्पादिताचाच नव्हे, तर ते घडविणाऱ्या सजीवाचाही विचार होऊ लागला. ब्युटिरिक किण्वन करणारे जीव ऑक्सिजनाविना जगतात असे १८६१ मध्ये आढळले व त्यावरून ‘हवेविना जीवन’ अशी किण्वनाची व्याख्या पुढे आली.

कोशिकाविरहित किण्वन : डायास्टेज (१८३३) व पेप्सीन (१८३६) हे पदार्थ मात्र कोशिकेबाहेरही कार्य करीत. म्हणून किण्वांचे ‘संघटित’ (सजीव) व ‘असंघटित’ (विद्राव्य) असे दोन वर्ग मानण्यात आले. व्हिल्हेल्म क्यूने यांनी दुसऱ्या वर्गास १८७६ मध्ये ‘एंझाइम’ हे नाव सुचविले. हा भेद फार काळ टिकला नाही. १८९७ मध्ये एडुआर्ट बूखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर वाटून व दाबून काढलेला रस शर्करेचे किण्वन करतो, असे प्रसिद्ध केले. रस टिकावा म्हणून त्यात शर्करा घातली असता बुडबुडे येऊ लागले होते. या कार्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाश्चर यांचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरला नाही. एंझाइमे निर्माण होण्यास सजीव कोशिका लागतेच, परंतु विक्रिया चालण्यास ती जिवंत असावी लागत नाही, एवढे स्पष्ट झाले.

बूखनर यांनी ‘झायमेज’ म्हटलेला घटक एकच एंझाइम नसून अनेक एंझाइमांचा समूह असल्याचे पुढे आढळले. आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फॉस्फेटाचे व उष्णतेने नाश न पावणाऱ्या सहघटकाचे महत्त्व दाखविले. गुस्टाफ एम्डेन, ऑटो मायरहोफ, याकूब पार्नास इत्यादींच्या संशोधनातून १९४० च्या सुमारास संपूर्ण विक्रियामालिका उलगडली. ग्लुकोजापासून पायरुव्हिक अम्लापर्यंतचे दहा टप्पे यीस्टमध्ये व प्राण्यांच्या स्नायूंत समान असून भेद केवळ त्यानंतरच्या टप्प्यांत आहे.

आधुनिक वर्गीकरण : शर्करेतून निघालेली इलेक्ट्रॉने तिच्यापासूनच बनलेल्या कार्बनी रेणूस दिली जाणे, हे आता किण्वनाचे मुख्य लक्षण मानतात. ऑक्सिजनाचा अभाव हे लक्षण पुरेसे नाही. शर्करा विपुल असल्यास यीस्ट हवेतही किण्वन करते. उलट, अल्कोहॉलापासून शिर्का बनण्यास ऑक्सिजन लागत असल्याने काटेकोर अर्थाने ते किण्वन नव्हे. उद्योगधंद्यात मात्र सूक्ष्मजीवांकडून करविलेल्या कोणत्याही उत्पादनास, उदा., पेनिसिलिनाच्या, किण्वन म्हणतात.

आंतरराष्ट्रीय एंझाइम आयोगाने १९६१ मध्ये विक्रियेच्या प्रकारानुसार एंझाइमांचे सहा वर्ग केले. २०१८ मध्ये सातवा वर्ग जोडण्यात आला. १९९८ मध्ये फळमाशी, उंदीर व यीस्ट यांच्या जनुकमाहितीच्या एकीकरणासाठी सुरू झालेल्या वर्गीकरणपद्धतीत रेणवीय कार्य, जैव प्रक्रिया व कोशिकेतील स्थान यांची स्वतंत्र विभागणी केली आहे. तीनुसार एका एंझाइमाची क्रिया हे कार्य होय आणि अशा अनेक कार्यांतून सिद्ध होणारे किण्वन ही प्रक्रिया होय.