जबड्याचा सांधा: थांबायचं की आत्ताच?

आज लढाईची गोष्ट नाही. दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या वरच्या टोकाला एक गोल गाठ असते, तिला डॉक्टर कॉन्डाइल म्हणतात. या एवढ्याशा गाठीवरून शास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले, आणि त्या भांडणाची झळ माझ्या एका हवालदाराच्या घरापर्यंत आली.

1996 साली मी लखनौ छावणीत होतो. हवालदार माण तालुक्यातला. त्याची मुलगी दोन वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली होती. तेव्हा कुणाला काही कळलं नाही. पुढे तोंड उघडणं कमी कमी होत गेलं. मी तिला पाहिलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दातांच्या फटीतून पातळ खिचडी तेवढी आत जायची. सांध्यातली दोन हाडं जुळून एक झाली होती. हनुवटी मागे राहिलेली, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की आई रात्र रात्र जागी.

एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, अठरा वर्षांची होऊ द्या, मग बघू. लखनौतले सर्जन म्हणाले, आत्ताच. हवालदारानं मला विचारलं, "साहेब, खरं कुणाचं?" मी तोफखान्यातला माणूस, मला काय कळणार! निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा उमगलं, दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बोलत होते.

पहिलं पुस्तक समजायला केंब्रिजला जावं लागतं. तिथले सर्जन जॉर्ज मरी हम्फ्री यांनी 1860 च्या दशकात डुकराची पिल्लं घेतली. जबड्याचा जो भाग कानाकडे उभा चढतो, त्याच्या पुढच्या आणि मागच्या काठांत तारेची कडी ओवली. पिल्लं वाढल्यावर पुढची कडी हाडाबाहेर मोकळी झालेली, मागची हाडात खोल गाडलेली! म्हणजे या उभ्या भागात मागे हाड चढतं, पुढचं झिजतं, आणि अशी जागा होते तिथे दाढा येतात.

मग वाढीचं इंजिन कुठे? विसाव्या शतकात हॅरी सिचर आणि त्यांच्या मताचे लोक म्हणाले, कॉन्डाइलवरच्या कूर्चेत. हातापायांची हाडं टोकांशी वाढतात, तसंच हे. ही समजूत घट्ट बसली. इंजिन मोडलं की चेहरा थांबला, आणि उरलंसुरलं वाचवायचं तर लहानपणी तिथे सुरी लावू नका.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मेल्विन मॉस यांनी हे उलटं केलं. 1923 चा जन्म, दंतवैद्य आणि शरीररचनाशास्त्रज्ञ. 1960 च्या दशकापासून ते एकच गोष्ट सांगत राहिले: हाड आपल्या मनानं वाढत नाही, ते काम आणि भोवतालचे मऊ भाग यांच्यामागे वाढतं. डोळा वाढला नाही तर खोबणी लहान राहते. डोक्यात पाणी साठलं तर कवटी फुगते. मग जबडा वेगळा कसा? मूल चावतं, गिळतं, बोलतं, जीभ आणि घसा वाढतात, जबडा खाली-पुढे सरकतो आणि कॉन्डाइल मागची जागा भरून काढतं.

हे खरं असेल, तर त्या मुलीचं इंजिन मोडण्यापेक्षा जबडा जखडला जाणं हा मोठा घात होता. जखडण सोडवली, तोंड हलतं ठेवलं, तर वाढीला पुन्हा वाव.

मॉस जरा जास्तच ठाम होते, असं माझं मत. कोपनहेगनमध्ये आर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यात टँटलम धातूच्या बारीक खिळ्या बसवून वर्षानुवर्षं क्ष-किरण चित्रं काढली. प्रत्येक मुलात कॉन्डाइलची वाढ वेगळ्या दिशेनं जाते, जबडा वळतोही, हे त्यातून दिसलं. एका सूत्रात बसणारं हे काम नाही. खुद्द मॉस यांनीही 1997 साली आपला सिद्धांत पुन्हा तपासायला घेतला, त्यात जनुकांचा वाटाही आला.

सर्जन मात्र हळूहळू "आत्ताच"कडे झुकले. अमेरिकेतल्या लेनर्ड कबान यांनी सहकाऱ्यांसह 1990 साली शस्त्रक्रियेचा क्रम मांडला: जुळलेलं हाड सढळपणे काढा, मध्ये स्नायूचं अस्तर घाला, फासळीचा कूर्चेसह तुकडा लावा, आणि लगेच व्यायाम सुरू करा.

लखनौला हे ज्ञान परकं नव्हतं. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज 1911 पासूनचं. (पुढे विद्यापीठ झाल्यावर काही वर्षं त्याला आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं नाव होतं, हे इथल्या मराठी माणसांनाही ठाऊक नसतं.)

हवालदारानं शेवटी "आत्ताच" म्हणणाऱ्यांचं ऐकलं. शस्त्रक्रिया चार-पाच तास चालली. खरी लढाई नंतरची. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत घालायच्या, दिवसातून अनेकदा, जमेल तशी एकेक वाढवत. पोरगी किंचाळायची. सियाचीनला राहून आलेला बाप खोलीबाहेर निघून जायचा. काड्या आई घालायची.

हनुवटी पुढेही थोडी मागेच राहिली. पण वर्षभरानं माझी बदली झाली तेव्हा मी विचारलं, "किती काड्या?"

पोरीनंच उत्तर दिलं, "एकोणीस, काका."