आठशे मीटर, बत्तीस वर्षे

लांब पल्ल्याच्या धावण्याचा विषय निघाला की मनाच्या भिंतीचा उल्लेख हमखास होतो. ही भिंत धावणाऱ्याच्याच मनात असते, असे आपण धरून चालतो. स्त्रियांच्या धावण्याचा इतिहास चाळताना मात्र ती बऱ्याचदा कडेला उभे राहून पाहणाऱ्यांच्या मनात सापडते.

२ ऑगस्ट १९२८. ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ८०० मीटरची पहिलीवहिली अंतिम फेरी. जर्मनीच्या लीना राड्केने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. १०० मीटरच्या उपान्त्य फेरीत हरल्यावर ती या शर्यतीत उतरली होती. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली. दमून काही जणी खाली पडल्या, पुरुषही पडतात तशा. पण एका अमेरिकी पत्रकाराने नवाच्या अकरा केल्या आणि पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडल्याचे लिहून टाकले. अशा बातम्यांनी स्त्रियांच्या 'नाजूकपणा'चा आयता पुरावा पुरवला. ही शर्यत वगळली गेली, ती परतली १९६० साली, रोममध्ये.

मॅरेथॉनचे दार तर बंदच होते. १९६६ मध्ये बॉस्टनच्या संयोजकांनी बॉबी गिबचा अर्ज नाकारला. ती झुडपात लपली, शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत पोहोचली. पुढच्याच वर्षीची कॅथरिन स्विट्झर. बाईला २६ मैल झेपणार नाहीत, असे तिला धावायला शिकवणाऱ्या गृहस्थांचेच मत. सरावात तिने २६ मैल पुरे केले आणि वर आणखी पाच धावू म्हणाली. त्यानंतर तिने नाव नोंदवावे असा आग्रह त्यांनीच धरला! शर्यतीत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा २६१ क्रमांक ओरबाडायचा प्रयत्न केला. तरी ती शेवटपर्यंत धावली. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये.

५ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. त्याच दिवशी स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंडर्सन-शीस उन्हाने बेजार होऊन लडखडत मैदानात आली. कोणी हात लावला तर आपण बाद ठरू, म्हणून तिने डॉक्टरांनाही दूर ठेवले आणि ३७वी आली.

१९२८ची बातमी फुगवलेली होती. हे दृश्य खरे होते, जगाने टीव्हीवर पाहिलेले. तरीही चार वर्षांनी सोलमध्ये स्त्रिया मॅरेथॉन धावल्या. थकवा तोच होता, बघणाऱ्यांची नजर बदलली होती. त्यासाठी कोणाला झुडपात लपावे लागले, हे विसरता कामा नये.