उनाईचे ऊन पाणी

सुरतेचे नाव काढले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि त्याची सुरत बहुधा तेथेच संपते. शहराच्या आग्नेयेस डांगच्या अरण्याकडे जो मुलूख चढत जातो, त्याची ओळख फार थोड्यांस असते. त्या मुलखाच्या उंबरठ्यावर, वांसद्यानजीक, उनाई हे क्षेत्र आहे. पूर्वी सुरत जिल्ह्यात मोडणारा हा वांसदे तालुका १९६४ साली वलसाड जिल्ह्यात आणि १९९७ साली नवसारी जिल्ह्यात गेला. जिल्हे बदलले, परंतु देवीच्या कुंडातील ऊन पाण्याची ख्याती बदलली नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस गुजरातेतील भाविकांबरोबर डोंगरातील कोकणा, धोडिया, गामीत अशा समाजांचे लोकही येथे येतात.

बिलिमोऱ्याहून वघईस जाणारा, केवळ अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग गायकवाड सरकारने घातला. गणदेवी, अनावल, उनाई अशी स्थानके घेत तो वघईस पोहोचतो. पुढे अंबिका नदीवरील गिरा धबधबा आहे, आणि त्याही पुढे घाट चढून गेल्यावर सापुतारा लागतो. प्रवासी बहुधा धबधबा आणि थंड हवा यांच्या ओढीने पुढे जातात. माझे म्हणणे इतकेच की, त्यांनी उनाईस थोडे थांबावे. येथे पाहण्याइतकेच ऐकण्यासारखेही पुष्कळ आहे.

क्षेत्राची कथा अशी सांगतात : शरभंग ऋषींचे शरीर कुष्ठाने जर्जर झाले होते. त्यांच्या स्नानासाठी प्रभू रामचंद्रांनी भूमीत बाण मारला आणि पाताळातून ऊन पाणी वर आले. दुसरी कथा यज्ञाची आहे. तीत रामचंद्रांनी यज्ञासाठी अनावल येथे ब्राह्मण वसविले. ते कोठून आले याविषयी मात्र निरनिराळे पाठ आहेत. सीतामाईंनी कुंडात स्नान केले व त्या ‘हुं नाही’, म्हणजे गुजरातीत ‘मी न्हाले’, असे म्हणाल्या. त्यावरून ‘उनाई’ हे नाव पडले, असेही सांगतात.

वकिली पेशाच्या माणसास अशा वेळी साक्षी ताडून पाहण्याचा मोह आवरत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग ऋषी आहेत. पण तेथे कुष्ठ नाही आणि कुंडही नाही. रामाचे दर्शन होताच ते अग्नीत प्रवेश करतात आणि तेजस्वी कुमाराच्या रूपाने बाहेर येतात. शिवाय खानदेशात, चोपडे तालुक्यातील उनपदेव या ऊन झऱ्याच्या क्षेत्रीही हेच शरभंग ऋषी, हाच रोग आणि हाच रामबाण सांगतात. एकाच घटनेवर दोन गावांचा दावा! न्यायालयात अशी साक्ष टिकणार नाही. पण क्षेत्रकथा ही मालकीहक्काची फिर्याद नव्हे. उष्णतेच्या स्पर्शाने जीर्ण देह नवा होतो, हा वाल्मीकींच्या प्रसंगाचा गाभा आहे. लोकांनी त्यातला अग्नी पाण्यात पाहिला, आणि जेथे जेथे ऊन पाणी सापडले तेथे तेथे शरभंगास आणून बसविले. गोव्यात परशुरामांच्या बाणाने समुद्र मागे हटला आणि त्यावरून बाणावली नाव पडले, असे सांगतात. तेथे बाणाने पाणी दूर सारले, येथे बाणाने पाणी वर आणले.

नावाची साक्ष याहून सरळ आहे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’, गुजराती ‘ऊनुं’. आणि कोंकणी घरात न्हाणीसाठी तापविलेले ‘हून उदक’ तर आपल्या नित्य बोलण्यातले. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, खानदेशात उनपदेव आणि येथे उनाई. ही सारी एकाच शब्दाची लेकरे दिसतात, आणि उनाई म्हणजे ऊन पाण्याची आई, हा अर्थ मला सर्वांत स्वाभाविक वाटतो.

या नावांतील बहुतेक गावे सह्याद्रीच्या पश्चिमेस ओळीने आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ हीही त्याच ओळीतली. भूशास्त्र सांगते की हे झरे ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. या ओळीत काही ठिकाणी ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेले असते. पाताळातून पाणी आले, हे कथेचे म्हणणे या अर्थी खोटे नाही.

या बाबतीत जपानचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे ७१३ साली राजाज्ञा निघाली की, प्रत्येक प्रांताने आपल्या स्थळांच्या नावांची मुळे, भूमीची उपज आणि वृद्धांच्या तोंडच्या कथा लिहून पाठवाव्यात. त्यानुसार इझुमो या दूरच्या प्रांताचा वृत्तांत ७३३ साली सिद्ध झाला. त्यात तामात्सुकुरी येथील ऊन झऱ्याचे आणि तेथे न्हावयास जमणाऱ्या आबालवृद्धांचे वर्णन आहे. आज तेथे जाणारा प्रवासी सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंशी नाते सांगू शकतो, कारण कोणी तरी ते वेळीच लिहून ठेवले.

आपल्याकडे पुण्यस्थळे उदंड, पण लेखन तुटपुंजे. देवस्थानची पुस्तिका निघते तेव्हा एकच पाठ छापला जातो आणि बाकीचे म्हाताऱ्यांबरोबर जातात. उनाईस पिढ्यान्‌पिढ्या येणारे कोकणा लोक आपल्या नावातच कोकण वागवितात. या पाण्याविषयी त्यांच्या आज्या काय सांगतात, हे आपण विचारावयास नको काय? प्रत्येक देवस्थानाने एक वही घालावी आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव व तिथी देऊन प्रत्येक पाठ त्याच्याच बोलीत उतरून घ्यावा. कोणता पाठ खरा, हा निवाडा पुढची पिढी करील. आपण साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांची जबानी नोंदवून घ्यावी. देवीची ही सेवा पूजेहून उणी खास नाही.