ताटातले म्हाकूल, इतिहासातला दालदी

जिंतूरच्या माणसाला मासा म्हटले की पूर्णा नदी आणि येलदरीचा जलाशय आठवतो. रोहू, कटला, मरळ ही आपली ओळखीची नावे. म्हाकूल हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाच्या तोंडी नाही. कोकणातल्या सोयऱ्यांच्या दस्तरखानावर ते आले की आपला हात थबकतो. 'हे चालते का?' या साध्या प्रश्नात आपल्या इतिहासाचा मोठा तुकडा दडलेला आहे.

मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी. हनफी मताप्रमाणे पाण्यातल्या जिवांपैकी मासाच हलाल. म्हाकुलाला ना काटा ना खवले. ते शंख-शिंपल्यांच्या कुळातले, म्हणून मासा नव्हे. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या मताप्रमाणे समुद्रातला जवळजवळ प्रत्येक जीव हलाल. हा फरक कट्टरपणाचा किंवा ढिलाईचा नाही, वाटांचा आहे. आपल्याकडे इस्लाम मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने आला, कोकणात अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी चौल बंदरात आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली ती १२९६ साली, म्हणजे त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी.

तरीही आपला इतिहास स्वारीपासूनच सुरू केला जातो. जंजिरा बेटावरच्या सिद्दींचे किल्ले, तोफा, तह यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच किनारपट्टीवर जाळे ओढणारा दालदी मात्र कोपऱ्यात राहिला. रत्नागिरीच्या १८८० च्या गॅझेटियरने या मुसलमान मच्छीमारांची नोंद घेतली, ती जातींच्या यादीत. त्यांचे कसब कुठल्या बखरीचा विषय झाले नाही.

ते कसब सोपे नव्हते. म्हाकूल थव्याने फिरते, जेमतेम वर्षभर जगते, रात्री वर येते आणि उजेडाला भुलते. लहान होडीतला माणूस गळाने किंवा पागाने ते धरी. कधी रापणीत इतर मासळीबरोबर ते सापडे. त्याला फारसा भाव नव्हता, पुष्कळदा मोठ्या मासळीसाठी आमिष म्हणून ते वापरले जाई. १९७० च्या दशकात परदेशातून मागणी आली, बर्फात गोठवून निर्यात सुरू झाली आणि ट्रॉलरची जाळी त्याच्यामागे लागली. पुढे समुद्रात एलईडी दिव्यांचा झगमगाट आला. म्हाकुलाच्या ज्या स्वभावावर कोळ्याचे आणि दालद्याचे पोट चाले, तोच स्वभाव यंत्राने घाऊक वापरला. लहान-मोठी सारी मासळी एका रात्रीत उपसली जाऊ लागली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दिव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड वाढवला. तरी चोरून दिवे लावले जातात, ही लहान मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. त्या तक्रारीत कोळी आणि दालदी एकाच होडीत आहेत.

आपण जिंतूरकरांनी म्हाकूल खावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मसलकाप्रमाणे ठरवावे. पण सगळे मुसलमान एका साच्याचे, आणि तेही तलवारीबरोबर आलेले, असे कुणी सांगू लागला तर त्याला चौल बंदर दाखवावे, गॅझेटियरमधला दालदी दाखवावा. मात्र त्याआधी तो आपल्याला माहीत हवा. आपल्याच वार्षिकांत त्याच्यावर चार पाने नसतील, तर दुसऱ्यांनी ती लिहावीत ही अपेक्षा कशी करायची?